आतली कडी

१

सकाळी सव्वानऊला मिस्त्री समुद्री जीवांच्या संशोधन केंद्रात मागच्या दाराने शिरत, डबा खिडकीत ठेवत आणि टाकीकडे पाहण्याआधी तिथल्या माणसांकडे पाहून नाक मुरडत. तीस वर्षं त्यांनी कुलपांच्या कारखान्यात काढली होती. आपण बसवलेली कडी उघडायला चोराला दुसरा जन्म घ्यावा लागेल, असं ते सांगत, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत. पुढे कारखाना बंद पडला, आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी ते एका ऑक्टोपससाठी कोडी बनवत होते.

काम तसं सोपं. जाड पारदर्शक प्लास्टिकची पेटी करायची, दाराची कडी आतल्या अंगाला ठेवायची. प्राण्याला पेटीत घालून पेटी टाकीत सोडायची. कडी उघडून तो बाहेर आला की वाळूवर सोडलेला जिवंत खेकडा त्याचा. किती मिनिटं लागली ते वहीत लिहायचं आणि पुढची पेटी थोडी अवघड करायची. त्या प्राण्याला किती अक्कल आहे ते म्हणे यावरून ठरणार होतं. हे ठरवायला बसलेल्या माणसांना किती आहे, ते मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं.

मॅडमच्या नावापुढे तीन पदव्या होत्या आणि बसायच्या स्टुलाचा ढिला स्क्रू त्यांना आवळता येत नव्हता. पंपवाला चाळिशीचा, गोलमटोल, खिशात कायम बिस्किटांचा पुडा. खारं पाणी आणि पंप सांभाळणं एवढंच त्याचं काम. पण टाकीजवळ गेला की त्याचा आवाज बारीक होई आणि त्या ऑक्टोपस मादीला तो 'राणीसरकार' म्हणे. मिस्त्रींना ते ऐकून अंगावर पाल पडल्यासारखं होई.

"आठ हात असले की अक्कल लागत नाही," ते म्हणत. "माझ्या मेव्हण्याला आठ हात दिले असते, तर त्यानेसुद्धा एखादी कडी उघडली असती."

पहिल्या दोन पेट्यांच्या वेळी ती मादी मिस्त्रींच्या मनगटाला आपल्या हाताचं टोक लावून बघायची, बाही चाचपायची. मिस्त्री हात झटकत आणि पंपवाल्याच्याच टॉवेलला पुसत. तिसऱ्या पेटीपासून तिने ते बंद केलं. बरं झालं, असं मिस्त्रींना वाटलं. शिकली एकदाची.

२

पाचवी पेटी त्यांनी मन लावून केली. कडी आधी वर उचलायची, मग डावीकडे फिरवायची, मग खाचांमधून ओढायची. तीनपैकी एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

मादीला पेटीत घालून मिस्त्री मागच्या खोलीत कापकाम करायला गेले. अर्ध्या तासाने परत आले तर पेटी बंद, कडी लावलेली, मादी आत. खेकडा वाळूवर आरामात हिंडत होता. मिस्त्रींच्या छातीत बऱ्याच दिवसांनी काहीतरी गोड हललं.

"हरली," ते म्हणाले.

"नाही हो," पंपवाला म्हणाला. "एकोणीस मिनिटांत बाहेर आली होती. टाकीभर हिंडली, खेकड्याकडे गेलीसुद्धा. मग एकदम परत आत गेली."

"आणि कडी?"

"तिनेच लावली. आतून."

मॅडम वहीत भराभर लिहीत होत्या. त्यांचे कान लाल झाले होते. असं वागणं आजवर कुठे नोंदलेलं नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. मिस्त्रींना हसू आवरेना. तुरुंग फोडायचा, बाहेर जेवण तयार आहे हे बघायचं, आणि परत कोठडीत येऊन दार लावून घ्यायचं. हीच ती हुशारी, जिच्यासाठी एवढी इमारत उभी केली!

तरी त्यांनी वाकून कडी पाहिली, कारण कडी पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नसे. ती शेवटच्या खाचेपर्यंत सारलेली होती. कारखान्यातली माणसंसुद्धा एवढ्या पुढे सारत नसत. दुसऱ्या खाचेत अडकली की सोडून देत. आणि मादीने दोन हात कडीवर गुंडाळून ठेवले होते. ती कडी उघडत नव्हती, दाबून धरत होती.

पाण्याखाली प्लास्टिक बारीक करकरलं. पुढे जेवायला बसले तरी मिस्त्रींच्या दातांत तो आवाज होता.

३

घरी मिस्त्री आणि आक्का दोघंच. मिस्त्रींची बायको कधीच सोडून गेली होती. आक्का त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मिस्त्री पाच वर्षांचे होते. तिथून पुढे त्यांना न्हाऊमाखू घातलं ते आक्काने, आणि त्यापायी तिचं स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. आता तिची आठवण विरत चालली होती. दोन वर्षं झाली, तिने भावाला ओळखलं नव्हतं. ती त्यांना 'अहो' म्हणे आणि पाहुण्याशी बोलावं तसं जपून बोले.

मिस्त्रींना तिची कीव यायला हवी होती. यायचा तो वैताग. त्यात मध्यंतरी तिने नवीनच खूळ काढलं. मिस्त्री घरी आले की ती जिन्याकडे पळे. एकदा तर अनवाणी भर रस्त्यात जाऊन उभी राहिली. शेजारणीने हाताला धरून आणलं. दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींनी तिच्या खोलीच्या दाराला बाहेरून, अगदी वरच्या बाजूला, कडी बसवली. दाराच्या डोक्यावर हवेसाठी लाकडी पट्ट्या होत्या, तेवढ्या ठेवल्या. दुपारी शेजारीण जेवण देऊन जाई.

पाचव्या पेटीच्या त्या संध्याकाळी ते साडेपाचला घरी आले. स्वयंपाकघरात सकाळची कपबशी धुऊन पालथी घातलेली होती. खिडकीतल्या कुंडीची माती ओली होती. शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, मी जेवण दिलं आणि कडी लावून गेले, भांड्यांना हात लावला नाही.

आक्काच्या दाराची कडी लागलेली होती. कडीच्या मुठीला निळ्या लोकरीचा एक धागा चिकटला होता.

मिस्त्री बराच वेळ तो धागा बोटांत धरून उभे राहिले. आत एक स्टूल होतं, विणायच्या सुया होत्या, लोकरीचा गुंडा होता. स्टुलावर चढायचं, पट्ट्यांच्या फटीतून सुई बाहेर काढायची, लोकरीचा फास कडीत अडकवायचा. बाहेर येणं अवघड, पण जमण्यासारखं. पुन्हा आत जाऊन त्याच फासाने बाहेरची कडी लावणं? ते मिस्त्रींनाही एका दमात जमलं नसतं. बहात्तर वर्षांची बाई, जिला स्वतःचं आडनाव सांगता येत नव्हतं, तिने हे केलं होतं. आणि केलं कशासाठी, तर परत कोंडून घ्यायला.

"दोघी एकाच माळेचे मणी," ते मोठ्याने म्हणाले आणि दार उघडलं.

ते उंबऱ्याच्या आत येतात न येतात तोच आक्काने दार ढकललं. दाराची कड त्यांच्या टाचेवर आपटली. ती पाठीने दाराला टेकून उभी राहिली, धाप लागलेली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "या दाराला आतून कडी नाही का?"

"आतून कशाला? तुला कोण पळवून नेतंय?"

दाराबाहेर काही ऐकू येतंय का, याकडे आक्काचे कान लागले होते. मिस्त्री टाच चोळत बाहेर निघाले, तेव्हा तिने दार इतकं थोडं उघडलं की त्यांना अंग चोरून निघावं लागलं.

४

पुढच्या आठवड्यात मॅडमनी सगळ्यांना कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. खोली बंद, पडदे ओढलेले, पंपाची घरघर. पडद्यावर टाकी. मादी रोज पेटीतून बाहेर येत होती. कोणी नसताना, पंपवाला असताना, मॅडम असताना. पंपवाल्याच्या हातून तर ती खेकडा घेत होती. आणि रोज सकाळी नऊ वाजून बारा-तेरा मिनिटांनी हातातलं टाकून पेटीकडे धावत होती.

"तुम्ही यायच्या आधी," पंपवाला म्हणाला.

"माझी पावलं ओळखते," मिस्त्री म्हणाले. "कुत्र्यालाही ओळखता येतात. त्यात काय मोठं?"

मंगळवारी मिस्त्री आक्काला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. मंगळवारच्या चित्रणात ती दिवसभर बाहेर होती. तीन खेकडे खाल्ले, दगडावर पसरून पडली, अंगावर लालसर रंगाच्या लाटा उठवत बसली. बुधवारी सव्वानऊला पेटीत, दोन हात कडीवर.

मग मॅडमनी चित्र थांबवलं. मिस्त्री टाकीपुढे उभे, पेटीत मादी पांढरीफटक, तिच्या डोळ्यातली काळी आडवी चीर रुंद झालेली. मॅडमनी पडद्यावर पेन्सिलीचं टोक ठेवलं आणि जपून सांगितलं की प्रत्येक चित्रात नजरेची दिशा त्या मोजत आल्या आहेत. ती मिस्त्रींकडे नाही. थोडी वर आहे, त्यांच्या डाव्या खांद्याच्या पलीकडे.

"तिकडे भिंत आहे," मिस्त्री म्हणाले.

"हो," मॅडम म्हणाल्या.

"मग भिंतीला घाबरते. लिहा वहीत. पुढची पदवी मिळेल."

पंपवाल्याने बिस्कीट खिशात परत ठेवलं. हे कधीपासून, असं त्याने मॅडमना विचारलं. तिसऱ्या पेटीपासून, त्या म्हणाल्या, आणि तारीख सांगितली. मिस्त्रींनी ती तारीख ऐकली आणि त्या आठवड्यात काय झालं होतं ते आठवून पाहिलं. काहीच झालं नव्हतं. ते कुठे गेले नव्हते, कोणाला भेटले नव्हते, काही उचलून आणलं नव्हतं. आक्का पळायला लागली होती, एवढंच.

तो विचार त्यांनी तिथेच टाकून दिला. घरातली एक अर्धवट म्हातारी आणि टाकीतला बिनहाडांचा गोळा, या दोघींची साक्ष एकमेकींना जोडायची म्हणजे पंपवाल्याच्या पंक्तीला जाऊन बसणं.

त्या संध्याकाळी मात्र त्यांनी आक्काच्या दाराची बाहेरची कडी काढली आणि आत बसवली. भरीव पितळेची, चार स्क्रूंची, कारखाना बंद पडला तेव्हा तिथून आणलेली. घे, बस स्वतःला कोंडून, असं ते तिला म्हणाले. जिन्याकडे पळण्यापेक्षा ते बरं, असा त्यांचा हिशेब होता. ते स्क्रू आवळत असताना आक्का त्यांच्या उजव्या बाजूला भिंतीला चिकटून उभी होती. काम झाल्यावर तिने कडीवरून हात फिरवला, आणि मिस्त्रींना तिच्या तोंडावर असं समाधान दिसलं जे त्यांनी लहानपणी, सगळी भावंडं जेवून झोपल्यावर, पाहिलं होतं. त्यांना त्याचाही राग आला.

५

शुक्रवारी त्यांनी हा फालतूपणा कायमचा मिटवायचं ठरवलं. पावलं ओळखते ना? मग त्यांनी पंपवाल्याचे रबरी बूट घातले, त्याचा खारट वासाचा कोट चढवला, टोपी कपाळावर ओढली आणि सव्वानऊऐवजी अकराला, पुढच्या दाराने, पंपवाल्याच्या शेजारून त्याच्याच चालीने आत शिरले. बोलायचं नाही असं ठरलं होतं.

मादी दगडावर होती. दोघं आठ-दहा पावलं पुढे गेले. तिने एक हात उचलला, जणू पंपवाल्याला ओळख देत होती. मग तो हात तसाच हवेत राहिल्यासारखा पाण्यात थांबला. पुढच्या क्षणी दगडावर कोणी नव्हतं आणि पेटीची कडी खट्‌ खट्‌ खट्‌ करत तिन्ही खाचा ओलांडून बसली.

"आता तू बाहेर जा," मिस्त्री दबक्या आवाजात म्हणाले.

पंपवाला गेला. मादी तशीच राहिली. मिस्त्री गेले आणि पंपवाला परत आला, तेव्हा ती बाहेर आली. असं चार वेळा केलं. चारही वेळा तेच. पाचव्या वेळी मिस्त्रींनी काचेवर हात आपटला. मादीने कडीवर तिसरा हात ठेवला, मग चौथा.

ते वळले, तेव्हा पंपवाला दारात उभा होता. त्याला आत यायचं होतं आणि मिस्त्रींना बाहेर जायचं होतं. दार चांगलं रुंद होतं, तरी पंपवाला उंबऱ्यावरून मागे सरला, मग आणखी मागे, आणि शेवटी बोळाच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मिस्त्री गेल्यावरही तो लगेच हलला नाही. थोडा वेळ जाऊ दिला आणि मग आत गेला.

दुपारी तीनला मॅडमनी त्यांना बोलावलं. आवाज इतका मऊ की मिस्त्रींना तो चापट मारल्यासारखा लागला. पेट्या उत्तम आहेत, काम चालू राहील. फक्त इथून पुढे त्या फाटकावर ठेवाव्यात. आत यायची गरज नाही.

"एका शिंपल्याच्या भावंडासाठी मला बाहेर काढताय?"

मॅडम टेबलाच्या पलीकडे उभ्या होत्या. बसल्या नव्हत्या. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं, मग क्षणभर दुसरीकडे, मग पुन्हा मिस्त्रींकडे.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "घरी तुमच्याबरोबर कोण असतं?"

"बहीण."

"त्या बऱ्या आहेत ना?"

मिस्त्री वळले आणि निघाले.

६

चार वाजले होते. रस्त्यावर लख्ख ऊन होतं, शाळा सुटली होती, सायकलींच्या घंटा वाजत होत्या. मिस्त्री सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत चालले: मॅडमना, त्यांच्या पदव्यांना, बिस्किटखाऊ पंपवाल्याला. चालताना त्यांच्या लक्षात आलं की आपण भिंतीच्या कडेने, डावा खांदा भिंतीला घासत चाललोय. सदऱ्याच्या बाहीला चुना लागला होता. त्या बाजूला जागाच राहू नये असे ते चालले होते. त्यांनी स्वतःला एक शिवी हासडली आणि रस्त्याच्या मधून चालू लागले.

जिन्यात शेजारीण भेटली. आज लवकर, असं काहीतरी म्हणाली आणि वाट द्यायला कठड्याला टेकली. मिस्त्री वर गेल्यावरही ती टेकलेलीच होती. वरच्या वळणावरून त्यांना ती दिसली. भाजीची पिशवी पोटाशी धरून, जिना अजून मोकळा झाला नसल्यासारखी.

घराचं दार त्यांनी किल्लीने उघडलं. आक्का स्वयंपाकघरात होती, कुंडीला पाणी घालत. भावाला पाहून तिच्या हातातला तांब्या थांबला. मिस्त्रींना वाटलं, आता पळेल.

ती पळाली नाही. त्यांच्या तोंडाकडे, सरळ तोंडाकडे, बघत राहिली.

"धाकट्या," ती म्हणाली.

दोन वर्षांनी. तांब्या खाली ठेवून ती एकेक पाऊल मागे सरकत आपल्या खोलीच्या दारात गेली, आत उभी राहिली आणि दार हातभर उघडं ठेवून तिने हात पुढे केला. लहानपणी रस्ता ओलांडताना करायची तसा.

"ये. आत ये लवकर."

"काय चाललंय तुझं, आक्का?"

"एकटाच ये."

मिस्त्री हसले. आयुष्यभर ज्या हसण्याने त्यांनी कारखान्यातल्या पोरांना, बायकोला, मेव्हण्याला गप्प केलं होतं, तेच हसणं. "एकटाच आहे मी. डोळे उघडून बघ. कोण आहे इथे?"

आक्काने बघितलं. तिची नजर त्यांच्यावरून वर गेली आणि तिथे थांबली. पुढे केलेला हात तिने मागे घेतला नाही. ती थांबली. तेवढ्या वेळात कोणीही चार पावलं टाकली असती. मिस्त्रींच्या पायांनाही ती टाकायची होती. पण मग मॅडम खऱ्या ठरल्या असत्या, पंपवाला खरा ठरला असता. ते हाताची घडी घालून उभे राहिले.

आक्काचे डोळे भरून आले. तिने हात आत घेतला आणि दार लावलं. पितळेची कडी सरकली, शेवटपर्यंत.

घर शांत झालं. कुंडीतून पाणी थेंब थेंब गळत होतं. मिस्त्री दाराशी गेले. त्यांना मागे बघायचं नव्हतं. मागे बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी उजवा तळहात दारावर ठेवला. दार हलकं होतं, पातळ प्लायवूडचं, आणि जोर दिला की जरा आत दबे. तळहाताखाली ते दबलं.

मग वरच्या बाजूला, त्यांच्या डाव्या खांद्याच्या वर हातभर अंतरावर, जिथे त्यांचा हात नव्हता, प्लायवूड करकरलं. ताटाएवढा भाग हळूहळू आत दबला आणि तसाच राहिला, वजन टाकून.

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी दाराच्या खालच्या फटीकडे पाहिलं. आत आक्काची अनवाणी पावलं दिसत होती, घट्ट रोवलेली, बोटं जमिनीत रुतवलेली. ती दोन्ही हातांनी कडी धरून होती. ती कडी बाहेरून उघडत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

"आक्का," ते म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज ओळखू आला नाही, इतका तो लहान होता. "दार उघड ना. मी एकटाच आहे."

मग आक्काचं रडं ऐकू आलं, अगदी दाराजवळून.

"नाही रे, बाळा," ती म्हणाली.